तरी आपली, आळ म्हशीवर

अगं नंदे, फोनवर तुला सगळं सांगता आलं नाही. कुकरची शिट्टी, मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज, त्यात तू निम्मं ऐकतेस आणि निम्मं "हो ताई, हो ताई" करतेस. म्हणून आता निवांत सांगते, नीट वाच.

तुझ्या नवऱ्याचा, जावईबापूंचा, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाढीव आला, डॉक्टरांनी "रेड मीट कमी करा" म्हटलं आणि तू त्याच दिवशी बड्याचं, म्हणजे म्हशीचं, मटण घरातून हद्दपार केलंस. बरं, केलंस. पण त्याच्या जागी काय आलं? एक दिवसाआड पनीरची भाजी, तेही म्हशीच्या दुधाचं, मलईदार. आणि ज्वारीच्या भाकरीवर साजूक तूप, कारण "तूप घरचंच आहे ना ताई". नंदे, मला खरंच हसू आलं. म्हशीला पुढच्या दाराने बाहेर काढलंस आणि मागच्या दाराने आत घेतलंस. त्यातही तिच्या चरबीचा सगळ्यात मोठा वाटा घेऊन.

तुझी समजूत कुठे अडकली ते मला कळतं. म्हशीचं दूध जाड. त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात साडेतीन-चार. जिच्या दुधावर एवढी साय धरते, तिचं मांसही तसंच चरबीने भरलेलं असणार, असं सगळ्यांनाच वाटतं. वर रंग काळपट लाल, म्हणून दिसायलाही ते "जड" दिसतं. पण दूध कासेत तयार होतं, पिलाला वाढवायला. मांस म्हणजे चालणारा, ओढणारा स्नायू. हा काळपट रंग चरबीचा नाहीच. स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं लोहयुक्त प्रथिन असतं, म्हशीत ते जास्त, म्हणून मांस गडद. ज्याला तू जडपणा समजतेस तो लोहाचा रंग आहे.

आता आकडे सांगते, घाबरू नकोस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं, सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं अन्नघटकांचं एक जुनं पुस्तक आहे. आहारशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या दप्तरात ते असायचं, माझ्याही होतं. त्यात १०० ग्रॅम म्हशीच्या मांसात प्रथिनं १९.४ ग्रॅम, चरबी ०.९ ग्रॅम आणि ऊर्जा ८६ कॅलरी दिली आहे. ०.९, एक ग्रॅमसुद्धा नाही. त्याच पुस्तकात मेंढीच्या मटणात चरबी १३.३ ग्रॅम आणि कॅलरी १९४. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातही पाणम्हशीच्या, म्हणजे आपल्याच म्हशीच्या, कच्च्या मांसात चरबी १.३७ ग्रॅम, प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर आणि कोलेस्टेरॉल ४६ मिलिग्रॅम आहे. देश वेगळा, मोजणारे वेगळे, तरी आकडा एक-दीड टक्क्याच्या आसपासच राहतो.

पण थांब, लगेच पातेलं चढवू नकोस. त्याच पुस्तकात आणखी एक ओळ आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बोकडाचं चरबी काढलेलं मांस घेतलं, तर त्यात चरबी ३.६ ग्रॅमच. म्हणजे १३.३ कुठे आणि ३.६ कुठे! हा फरक मेंढी आणि बोकडाचा जितका, त्याहून जास्त तुकड्याचा आहे. चरबी सोबत मोजली की काढून मोजली, यावर सगळं ठरतं. जनावर कोणतं याच्या आधी तुकडा कोणता, हे विचार. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

म्हशीच्या अंगात चरबी दोन ठिकाणी असते असं धर. एक मांसाच्या आत, धाग्याधाग्यांत, डोळ्यांना न दिसणारी. दुसरी मांसाच्या बाजूला: कातडीखाली, पोटात, गुर्द्याभोवती, छातीच्या पट्ट्यांवर. विलायतेतल्या मक्यावर पोसलेल्या बैलांच्या मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा आत शिरलेल्या असतात, तिकडचे लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आपली म्हैस कडब्यावर आणि गवतावर वाढते, तिच्या मांसात अशा रेघा जवळजवळ नसतातच. जी चरबी साठते ती बाहेर, ढेपळासारखी, सुरीने उचलून बाजूला ठेवता येईल अशी. बोकडाच्या चापेतली चरबी काढता काढता हात दुखतो. बड्याच्या रानातली, म्हणजे मांडीतली, एका फटक्यात निघते.

आणि या दोन चरबी एकसारख्याही नाहीत. आतली जी ग्रॅम-दीड ग्रॅम आहे, तिचा बराच भाग पेशींच्या पडद्यांमधला असतो, म्हणून तिच्यात असंपृक्त, म्हणजे बऱ्या बाजूच्या चरबीचा वाटा चांगला असतो. अमेरिकन तक्त्यात १.३७ ग्रॅमपैकी संपृक्त चरबी फक्त ०.४६ ग्रॅम आहे. बाहेरची ढेपळी मात्र कडक, संपृक्त. असं का, तर म्हशीच्या पोटात रवंथ करणाऱ्या जनावरांचा तो मोठा कोठा असतो ना, त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. गवतातल्या असंपृक्त मेदाम्लांना ते हायड्रोजन जोडून संपृक्त करून टाकतात. कारखान्यात डालडा बनवताना जे करतात, जवळपास तेच, फक्त सावकाश आणि फुकट. म्हणून जनावराला कितीही हिरवं चारलं तरी त्याची चरबी गोठलेलीच राहते.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती तुझ्या डॉक्टरांनाही आवडेल. म्हशीच्या संपृक्त चरबीत दोन मुख्य मेदाम्लं: पामिटिक आणि स्टिअरिक. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, वाढवतं ते पामिटिक. स्टिअरिक तसं फारसं वाढवत नाही, कारण आपलं यकृत त्यातल्या काही भागाचं ओलेइक करतं, म्हणजे शेंगदाणा-ऑलिव्हच्या तेलात असतं ते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीत स्टिअरिकचा वाटा चांगलाच असतो. पण यावरून "चला, चरबी खाल्ली तरी चालेल" असा अर्थ काढू नकोस. पामिटिकही तिथेच शेजारी बसलेलं असतं, तेही कमी नाही.

आता तुझ्या तुपाचा हिशेब. एका मोठ्या चमचाभर तुपात संपृक्त चरबी आठ ग्रॅमच्या आसपास. तेवढी संपृक्त चरबी चरबी काढलेल्या बड्याच्या मांसातून मिळवायची तर दीड किलोहून जास्त मांस खावं लागेल. जावईबापू कितीही खवय्ये असोत, एका बैठकीत दीड किलो नाही खाणार! आणि १०० ग्रॅम मलईच्या पनीरमध्ये चरबीच वीस ग्रॅमच्या पुढे, त्यातली निम्म्याहून जास्त संपृक्त. पनीर वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत. पण कोलेस्टेरॉलसाठी मटण बंद करून पनीर सुरू करणं म्हणजे उगं मनाचं समाधान.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐक, कारण तुझा दीर मोबाइलवर काय काय पाठवत असतो ते मला माहीत आहे. "म्हशीच्या मांसात गाईच्या मांसापेक्षा बारा पट कमी चरबी, ४० टक्के कमी कोलेस्टेरॉल, ५५ टक्के कमी कॅलरी" हे वाक्य जगभर फिरतं, निर्यातदारांच्या माहितीपत्रकांतही असतं. बारा पट! ही तुलना आहे विलायतेतल्या चरबीदार बैलाच्या मांसाशी, आणि इकडे म्हशीचं मात्र नुसतं लाल मांस. आपल्या गोपालनांच्या तक्त्यात बैलाच्या मांसात चरबी २.६ ग्रॅम आहे आणि म्हशीच्या ०.९. फरक आहे, पण बारा पटीचा नाही. इटलीत, जिथे म्हशीच्या दुधाचं मोझरेला करतात, तिथे २०१० साली एक संशोधन छापून आलं होतं. तीनशेएक माणसं पाहिली, म्हशीचं मांस खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता बरी निघाली. छान आहे. पण तिथे म्हशीचं मांस निवडून खाणारा माणूस एकूणच तब्येतीकडे लक्ष देणारा असू शकतो, आणि एवढ्याशा अभ्यासावरून औषध सोडून रोज मटण खाण्याइतका धीर मला तरी होत नाही.

शिवाय डॉक्टर म्हणतात ते चुकीचं नाही. बड्याचं मांस म्हणजे रेड मीटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं, आणि सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला तर थेट कर्करोगकारक गटात. चरबी कमी म्हणून हा मुद्दा पुसला जात नाही. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक कर्करोग संशोधन निधीचं सांगणं आहे. म्हणजे दोन, फार तर तीन वेळचं जेवण. रोजचं नाही. आणि कोळशावर काळं होईपर्यंत भाजलेलं तर क्वचितच.

मग इतकं सगळं सांगून मी तुला म्हणतेय काय? बड्याचं मटण आठवड्यातून दोनदा करत जा, पण आधी घ्यायला शीक आणि मग शिजवायला शीक.

घेण्याचं आधी. आपल्या शहरात सिल्लेखाना मोहल्ल्यात किंवा तुझ्या घराजवळ जिथे परवाना असलेलं दुकान असेल, तिथूनच घे. ओळखीचा दुकानदार असू दे. "भैया, रान का देना, चरबी पूरी निकाल के" एवढं सरळ सांगायचं, लाजायचं नाही. सीना, म्हणजे छातीचा भाग, आणि चाप यांवर चरबीचा थर असतो. दस्त, म्हणजे पुढच्या पायाचा भाग, मध्यम. रान आणि पुठ्ठ्याचं मांस सगळ्यात साफ. चरबीचा रंगही बघ: म्हशीची चरबी पांढरीशुभ्र असते, कारण गवतातलं पिवळं कॅरोटीन म्हैस पूर्ण अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, तिच्या दुधा-तुपाचा रंग पांढरा असतो तोही याचमुळे. पिवळी पडलेली, खवट वास येणारी चरबी दिसली तर माघारी ये.

आणि खिमा. नंदे, सगळा घोळ इथे होतो. खिमा मऊ, रसरशीत लागावा म्हणून त्यात चरबीची ढेपळं टाकून काढायची पद्धत आहे. सीख कबाबाच्या खिम्यात तर ती लागतेच, नाहीतर कबाब सळईवर धरत नाही. मग रानाचा खिमा ९८ टक्के बिनचरबीचा असूनही घरी येतो तो वीस टक्के चरबीचा. म्हणून खिमा डोळ्यांसमोर काढून घे, आणि तयार ठेवलेला खिमा घेऊच नकोस. त्याचा दुसराही फायदा आहे. खिम्यात पृष्ठभाग जास्त, त्यामुळे जंतूही लवकर वाढतात. ताजा काढलेला, त्याच दिवशी, आतपर्यंत शिजवलेलाच खायचा.

कलेजी-भेज्याचं थोडक्यात सांगते. कलेजी लोहाची आणि ब-१२ ची खाण आहे, पंधरवड्यातून एकदा थोडी खाल्ली तरी पुरे. पण दिवस राहिलेल्या बाईने पहिल्या महिन्यांत कलेजी फार खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की बाळाला त्रास होऊ शकतो. तुझ्या जावेला हे सांग. भेजा मात्र जावईबापूंना अजिबात नको. जनावरांच्या भेज्यात १०० ग्रॅमला कोलेस्टेरॉल दोन हजार मिलिग्रॅमच्याही वर जातं. पाया चवीला उत्तम, पण "हाडांना ताकद देतो" हा फार मोठा गैरसमज. त्या चिकट रशात असतं ते कोलेजन, कॅल्शियम फार थोडं. प्रथिन म्हणूनही ते अर्धवट, ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतंच. थंडीत प्या, मजेत प्या, औषध समजून पिऊ नका.

आता शिजवण्याचं. इथेच आपल्या शहराची खोड निघते.

नान खलिया म्हणजे आपल्या गावाचा जीव. सांगणारे सांगतात की १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा एवढ्या मोठ्या फौजेला खाऊ घालायला हे जेवण जन्मलं: मोठाल्या तंदुरांतली नान आणि देगभर खलिया. खरं-खोटं इतिहास जाणे, पण लग्नाच्या दावतीत त्या लाल देगेवर बोटभर तेलकट तरी तरंगत नसली तर पाहुणे कुजबुजतात. आणि तीच तरी, नंदे, ही सगळ्या गुन्ह्याची धनीण आहे. ती तरी म्हणजे म्हशीच्या मांसातून सुटलेली चरबी नव्हे. ग्रॅम-दीड ग्रॅममधून एवढं काय सुटणार? ती असते मसाला परतायला ओतलेलं तेल, वर रोगन म्हणून घातलेला डालडा, आणि चव यावी म्हणून मुद्दाम सोडलेली सीन्याची चरबी. हॉटेलात तेल बहुतेक पामचं, म्हणजे पुन्हा पामिटिक. डालड्यातल्या ट्रान्स चरबीवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, ही एक चांगली गोष्ट. पण ट्रान्स कमी झाली म्हणून संपृक्त कमी झाली असं नाही. माणूस तीन नान त्या तरीत बुडवून खातो आणि कोलेस्टेरॉल वाढलं की म्हणतो, बड्याचं खाल्लं म्हणून झालं.

घरी खलिया कर, जरूर कर. पण किलोभर मांसाला तीन चमच्यांपेक्षा जास्त तेल नको. कांदा, आलं-लसूण, खसखस, भाजलेलं खोबरं वाटून घातलं की रस्सा आपसूक दाट होतो. रंगासाठी चांगली लाल मिरची भिजवून वाटून घे. आणि शक्य असेल तर आदल्या रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी वर पांढरा कडक पापुद्रा जमलेला दिसेल. स्टिअरिक आणि पामिटिकवाली चरबी लवकर गोठते, याचा हाच एक फायदा. तो पापुद्रा चमच्याने उचलून टाक आणि मग रस्सा गरम कर. चव थोडी कमी होईल, खोटं कशाला बोलू. पण रस्सा एक दिवस मुरल्याने जी चव येते तिने बरंचसं भरून निघतं. बड्याचं जेवण गरमच वाढ हेही त्यासाठीच. गार झालं की उरलेली चरबी टाळूला चिकटते आणि माणूस म्हणतो, "जड आहे."

जडपणाचं दुसरं कारण म्हणजे कच्चं राहिलेलं मांस. आपल्याकडे दुकानात येतं ते बहुतेक दूध आटलेल्या, वय झालेल्या म्हशीचं किंवा कामाच्या हल्याचं. वय वाढलं की स्नायूंभोवतीचं कोलेजन घट्ट विणलं जातं. ते मोठ्या आचेने मऊ होत नाही, ओल्या, मंद आणि लांब आचेने विरघळतं. तव्यावर परतून बड्याचं मटण करायला जाशील तर चप्पल होईल. कच्च्या पपईची पेस्ट किलोला दोन-तीन चमचे, तासभर लावून ठेव. पपईतलं पपेन प्रथिनांचे धागे तोडतं. रात्रभर ठेवू नकोस, वरून पिठूळ होतं आणि आतून तसंच राहतं. आपल्या मोहल्ल्यातल्या बायका खरबुजाची वाळवलेली साल वापरतात, तिचंही काम तेच. मग कुकरमध्ये घाल, शिट्ट्या मोजत बसू नकोस, पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून तीस-चाळीस मिनिटं.

माझं सगळ्यात आवडतं सांगू? दालचा. चण्याची डाळ, दुधी, चिंच आणि त्यात पाव किलो रानाचे तुकडे. सहा माणसं पोटभर जेवतात. मांस कमी लागतं, डाळीचा चोथा पोटात जातो, आणि हा चोथा कोलेस्टेरॉलवर काम करतो. जावईबापूंसाठी याहून चांगलं मांसाहारी जेवण मला सुचत नाही.

आता छकुलीचं. तिचं हिमोग्लोबिन नऊ आलंय हे तू फोनवर इतकं सहज बोलून गेलीस की मला राग आला. नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलसाठी सगळं घर बदललंस आणि पोरीच्या नऊकडे लक्ष नाही! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त. त्यात आपलं घर आलं. बड्याच्या मांसातलं लोह आकड्यात फार मोठं दिसत नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये दोन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. बाजरीत यापेक्षा तिपटीने लोह आहे. पण बाजरीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं, मांसातलं हीम लोह कितीतरी जास्त. आणि मांसाबरोबर भाकरी खाल्ली की भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणजे बाजरीची भाकरी, बड्याचा रस्सा, वर लिंबू आणि कांदा. आपली आजी हेच ताट वाढायची, तिला हीम-बीम कोण सांगायला आलं होतं?

फक्त जेवल्याबरोबर चहा नको. आपल्याकडे मटण जेवलं की लगेच चहा ठेवतात. तो चहा लोहाचा निम्मा फायदा घालवतो. तास-दीड तास जाऊ दे. आणि छकुलीच्या लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात त्या चालू ठेव. नऊ हिमोग्लोबिन नुसत्या रश्शाने भरून येत नाही.

ब-१२ चं तर मला खास सांगायचं आहे. हे जीवनसत्त्व भाज्यांत, डाळींत नसतंच, प्राण्यांपासून आलेल्या अन्नातच असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात गरोदर बायकांमध्ये ब-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणात दिसली, आणि ब-१२ कमी पण फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती आढळली. सव्वाशे-दीडशे ग्रॅम बड्याच्या मांसात दिवसाची ब-१२ ची गरज भागते. जस्तही मिळतं. आणि बोकडाच्या मटणाहून हे स्वस्त पडतं. बोकडाचा भाव ऐकून तर आपण नुसतं "अरे बाप रे" म्हणून पुढे जातो.

आजीचा विषय निघालाच म्हणून सांगते. तिच्या अंगणात दोरीवर चान्या वाळत घातलेल्या तुला आठवत नसतील, तू लहान होतीस. पातळ पट्ट्या कापून उन्हात कडक वाळवायच्या आणि पावसाळ्यात वरणात टाकायच्या. शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या या सगळ्या अन्नाची नोंद आहे, वाचच. चान्यांसाठी साफ लाल मांसच घ्यायचं, चरबीवालं नाही. चरबी उन्हात खवट होते, लाल मांस टिकतं. चरबी वेगळी कढवून ठेवायची, कारण तेल विकत घ्यायला पैसे नसायचे. कोणता तुकडा कशाला, हे त्या बाईला पुस्तकाशिवाय कळत होतं. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि आपल्या लोकांनी ते सोडलं. पण विकत घेतलेलं, ताजं, तपासलेलं मांस खायला लाजायला सांगितलं नव्हतं. तू घरमालकाच्या भीतीने खिडक्या लावून शिजवतेस, शेजाऱ्यांनी विचारलं तर "चिकन आहे" म्हणतेस. घर टिकवायचं म्हणून करतेस, मी काही बोलत नाही. पण छकुलीसमोर तरी खोटं बोलू नकोस. डब्यात काय आहे ते तिला ताठ मानेने सांगता आलं पाहिजे.

आणि कायद्याची भीती असेल तर एवढं लक्षात ठेव. राज्यात गाय कापायला आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल, वळू कापायलाही आहे, म्हैस-रेड्याला नाही. त्यांना पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणूनच परवानाधारक दुकान म्हणते. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने वाटेत होणाऱ्या अडवणुकीच्या विरोधात राज्यभर जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली होती, तेव्हा कितीतरी घरांतलं स्वस्त प्रथिन ताटातून गेलं. पुन्हा कधी तसं झालं तर अंडी आण, सुकट आण, पनीरकडे धावू नकोस.

तर आता असं कर. तूप दिवसाला एक छोटा चमचा, सगळ्यांना मिळून नव्हे, पण जावईबापूंना तेवढंच. पनीर आठवड्यातून एकदा. बड्याचं आठवड्यातून दोनदा, रानाचं, चरबी काढून, एका वेळी माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम, आणि त्यात एकदा दालचा. बाहेरचा नान खलिया महिन्यातून एकदा, तोही तरी बाजूला सारून. कबाब कधीतरी. हे सगळं डॉक्टरांना एकदा दाखव, "रेड मीट कमी" म्हणजे किती, ते त्यांच्याच तोंडून विचारून घे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर ती "आता मटण साफ आणतोय" म्हणून त्यांना बंद करू देऊ नकोस.